मिरमबाईंची चिकटवही

मी एक जुनी चिकटवही आहे. मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावरचे तांबडे कापड आता विटले आहे, पाठीची शिवण उसवली आहे, आणि माझ्या पोटात धड पानांपेक्षा फाटलेल्या पानांच्या कडाच जास्त आहेत. ती पाने कसरीने खाल्ली नाहीत. ती माणसांनी फाडली, आणि ज्यांनी फाडली त्यांना मी ओळखते.

बेळगावात गणपत गल्लीच्या मागे भावकू नावाचा पुस्तके बांधणारा होता. त्याने सरस उकळून, जाड राखी कागदाची साठ पाने दोऱ्याने ओवून मला बांधले. कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांच्या मेमसाहेबांनी मला विकत घेतले. त्यांना माझ्यात गुलाबाची चित्रे चिकटवायची होती. तीन गुलाब चिकटवून झाले आणि त्यांना कंटाळा आला. मग माझी रवानगी न्हाणीघरात झाली, एका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली. तिथे मी दोन वर्षे होते. अंगावर साबणाचे पाणी उडायचे. मी कोरी आहे हेही कोणाच्या लक्षात राहिले नव्हते.

त्या बंगल्यात बायाक्का नावाची आया होती. मेजरसाहेबांच्या दोन मुलींना ती सांभाळायची. बायाक्का वडगावच्या विणकरांची लेक. तिला निपाणीला दिली होती. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला होता. दहा वर्षांत मूल झाले नाही म्हणून त्याने तिला भर दुपारी घराबाहेर काढले. तिने दोन्ही हातांनी उंबरा धरून ठेवला होता. सासूने तिची बोटे एकेक करून सोडवली. शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मग ती वडगावला भावाकडे आली आणि कॅम्पात कामाला लागली.

एकदा धाकट्या मुलीला सांभाळायला म्हणून मेमसाहेबांनी तिला कॅम्पातल्या चित्रपटाला नेले. तेव्हा पडद्यावरची माणसे बोलत नसत. त्या चित्रपटात एका मोलकरणीला मालक घराबाहेर काढतो. बाहेर बर्फ पडत असतो. ती रडत नाही, पाया पडत नाही. खांद्यावरची शाल नीट करते, हनुवटी वर उचलते आणि चालू लागते. ती नटी होती मिस मिरियम थॉर्नबी, लंडनच्या रंगभूमीवरून चित्रपटात आलेली. अंधारात मुलीला मांडीवर घेऊन बसलेली बायाक्का ढसाढसा रडली. मेमसाहेबांना वाटले, हिला बर्फाची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने मला टेबलाखालून काढले. मेमसाहेबांनी हात हलवून "घेऊन जा" म्हटले, आणि टेबलाखाली वीट ठेवली.

विलायतेहून जहाजाने सचित्र साप्ताहिके बंगल्यात यायची. वाचून झाली की ती स्वयंपाकघरात जायची. तिथला खानसामा रवळू त्यांत मासळी गुंडाळण्याआधी बायाक्काला हाक मारायचा. "बायाक्का, तुजी मिरमबाई आल्या बघ ह्यात. लौकर काप, न्हायतर बांगड्याचा वास लागंल तिला."

थॉर्नबी हे नाव तिच्या जिभेवर कधी बसले नाही. तिने तिला मिरमबाई केले. वडगावच्या घरी सुताला लावायच्या कांजीतली वाटीभर कांजी ती मागून आणायची आणि चित्र माझ्या पानावर चिकटवून वरून तळहात फिरवायची. इतक्या हळू मला त्याआधी कोणी हात लावला नव्हता. राणीच्या वेषातली मिरमबाई, मोटारीत बसलेली, कुत्र्याचे पिल्लू कडेवर घेतलेली. शिवाय लंडनच्या नाटकांतले इतर नट होते. दाढीवाल्या एका राजाला तिने मिरमबाईचा थोरला दीर ठरवले होते. एका देखण्या तरुण नटाचे चित्र मात्र तिने शेवटच्या पानावर ढकलले. "ह्याची नजर बरी न्हाय. मिरमबाईच्या शेजारी नगं."

तिची भावजय मालुबाई म्हणायची, "वन्सं, कांजी सुताला हाय, मडमंच्या तोंडाला न्हाय. एवढीच माया आली असंल तर देव्हाऱ्यात लावा की तिला."

बायाक्काचे तिकडे लक्ष नसे. मुलींना निजवताना ती मिरमबाईची नक्कल करायची. पदर शालीसारखा नीट करून, हनुवटी उचलून खोलीभर चालायची. मुली टाळ्या वाजवायच्या. त्यांनी आईला सांगितले, आणि तिथून बायाक्काचे बंगल्यातले नाटक सुरू झाले.

दर महिन्याला हिरवळीवर चहाची मेजवानी व्हायची. मेमसाहेब बायाक्काच्या डोक्यावर पिसे लावलेली जुनी टोपी ठेवायच्या, खांद्यावर टेबलावरची चादर टाकायच्या आणि पाहुण्यांपुढे उभे करायच्या. मी वेताच्या खुर्चीवर ठेवलेली असायचे, कारण आधी चित्र दाखवायचे आणि मग बायाक्का. पाहुणे इतके हसायचे की त्यांच्या कपांतला चहा सांडायचा. एका कॅप्टनने तर केकचा तुकडा तिच्या पायाशी फेकला आणि माकडाला म्हणतात तसे काहीतरी म्हटले. बायाक्काने तो उचलून कपाळाला लावला. तिला तो मान वाटला.

"बायाक्का," रवळू एकदा न राहवून म्हणाला, "ते तुला हसत्यात गं. तुज्या खेळाला न्हाय."

"हसू द्यात. मिरमबाईंच्या खेळालाबी लोक हसत असतीलच की."

"येडी हाईस."

"असू दे."

मित्रांनो, मी त्या बंगल्यातली भाषा ऐकून ऐकून शिकले होते. पाहुणे काय बोलत होते ते मला सगळे कळत होते. ते मी तुम्हांला सांगणार नाही. तिला ते अजूनही कळलेले नाही, एवढे बरे झाले.

अशी पंधरासोळा वर्षे गेली. मुली मोठ्या होऊन विलायतेला शिकायला गेल्या. बायाक्काचा पुढचा दात पडला, केस पिकले. ती आता बंगल्यातले कपडे सांभाळत होती. साप्ताहिकांत मिरमबाईंचे चित्र येईनासे झाले होते. बायाक्काला वाटे, रवळूच चित्रांत मासळी बांधतो. ती त्याच्याशी भांडायची.

मग महायुद्ध आले. कॅम्प गोऱ्या सोल्जरांनी भरून गेला. १९४४ साली त्यांच्या करमणुकीसाठी विलायतेहून एक नाटकमंडळी आली. रवळूला तिथे चहा द्यायचे काम लागले. पहिल्याच दिवशी तो धावत आला.

"बायाक्का! पाटीवर नाव वाचून घेतलं मी क्लार्ककडनं. तुजी मिरमबाई आल्या. खरी! हाडामासाची!"

 बायाक्काने लगेच पेटीतून भावाने विणलेले, एकदाच नेसलेले लुगडे काढले. मला ओल्या फडक्याने पुसले. माझी सुटलेली टोके कांजीने बसवली. एक्केचाळीस चित्रे होती मिरमबाईंची. सही घ्यायची, एवढेच तिच्या मनात होते. सही म्हणजे काय ते मुलींनी तिला सांगितले होते.

खेळाला तिला आत सोडणार नव्हते. म्हणून दुपारी रवळूने तिला मागच्या व्हरांड्यात नेले. तिथे आरशापुढे एक जाडजूड म्हातारी बाई बसली होती. नाकावर तांबडा रंग, गालांत कापूस कोंबलेला. तिला खेळात एका दारुड्या मोलकरणीचे सोंग करायचे होते. सोल्जरांना हसवायला.

"ह्याच काय?" बायाक्काने हळूच विचारले.

"ह्याच," रवळू म्हणाला.

बायाक्का पुढे गेली, वाकली आणि तिने मला त्या बाईंच्या मांडीवर उघडे ठेवले. मी तो क्षण विसरलेले नाही. मिरमबाईंनी गालांतला कापूस काढला. गुलाबांपुढच्या पहिल्या पानावर राणीच्या वेषातले चित्र होते. त्यांनी त्यावर बोट ठेवले. त्या हसल्या. खरेच हसल्या. दुसरे पान उलटले, तिसरे उलटले. बायाक्काने तेवढ्यात पदर खांद्यावर नीट केला आणि हनुवटी उचलून दोन पावले चालून दाखवले. आपण कोणाची चाल चालतो हे बाईंना कळावे म्हणून.

मंडळीतल्या दोन तरुण नट्या हे बघून जवळ आल्या. एकीने माझ्यातले चित्र पाहिले, मग बाईंचे तांबडे नाक पाहिले. "ही तुम्ही? खरंच तुम्ही?" असे म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसू लागली. दुसरीने बायाक्काची चाल चालून दाखवली. व्हरांड्यात हशा पिकला.

मिरमबाईंचा चेहरा रंगाखाली पांढरा पडला. त्यांनी माझे पान धरले आणि ओढले. मग दुसरे. मग चार चार एकदम. हाताला येईल ते पान त्या फाडत होत्या. दाढीवाला राजाही त्यात गेला. तोंड धुऊन गढूळ झालेल्या पाण्याची बादली शेजारी होती. सगळी पाने तिच्यात गेली. शालवाल्या मोलकरणीचे पान त्यांनी फाडण्याआधी घडीभर पाहिले. म्हणून मला वाटते, ते त्यांना ओळखू आले होते. मग तेही बादलीत गेले. उरलेली मी बायाक्काच्या पोटावर आदळले आणि दार बंद झाले.

बायाक्काने पदर नीट केला नाही. तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "बाई, ती बादली तेवढी द्या. मी वाळवून घेतो चित्रं. बाई, तुमच्या पाया पडतो..."

रवळूने तिची बोटे सोडवली.

ही गोष्ट रवळूच्या बायकोकडून मालुबाईला कळली, आणि मालुबाईकडून गल्लीला. नळावर बायका विचारायच्या, "काय बायाक्का, मिरमबाई काय म्हणत्यात? परत कवा येणार?" बायाक्काने कॅम्पातले काम सोडले. घरी बसून ती विणकामासाठी कांड्या भरू लागली, म्हणजे बारीक नळकांड्यांवर सूत गुंडाळू लागली. कोणाशी बोलेना. मला तिने मागाच्या खड्ड्यात, सुताच्या कचऱ्यावर फेकले. ओल आणि झुरळे यांच्या संगतीत मी अडीच वर्षे काढली.

मला तिथून सत्यवतीने काढले. सत्यवती म्हणजे बायाक्काच्या भावाची, यल्लाप्पाची मुलगी. आत्तीच्या मांडीवर बसून, तिची सगळी सोंगे बघत ती वाढली होती. तिच्यासाठी मिरमबाई कोणी लंडनची नटी नव्हती. तिची मिरमबाई म्हणजे तिची आत्ती. माझी अकरा कोरी पाने शाबूत राहिली होती. सत्यवतीने चुलीतला कोळसा आणि सूत रंगवून उरलेले रंगाचे पाणी घेतले आणि त्या अकरा पानांवर आत्ती काढली. राणी झालेली आत्ती, मोटारीतली आत्ती, कुत्र्याचे पिल्लू घेतलेली आत्ती. पोरीचा हात असा पक्का होता की बघत राहावे. तिने काही लपवले नव्हते. रुंद नाक, पडलेला दात, पिकलेली बट, सगळे जसेच्या तसे. तिला ते सगळेच आवडत होते.

१९४७च्या ऑगस्टमधली ती दुपार. शाळेत साखर वाटली होती, मुलांना लवकर सोडले होते. घरी गल्लीतल्या बायका कांड्या भरत बसल्या होत्या. सत्यवती मला घेऊन आली आणि तिने मला उघडून बायाक्काच्या मांडीवर ठेवले.

"आत्ती, बघ की. तुज्यासाठी काढलंय."

बायाक्काने पान उलटले. शेजारची राजाबाई वाकून बघू लागली आणि ओरडली, "अगं बया! हुबेहूब बायाक्का! दात बी न्हाय बघा!"

सगळ्या हसल्या. मालुबाई सगळ्यांत मोठ्याने.

मला ते हात ओळखीचे होते. कांजी लावून तळहात फिरवणारे हात. त्यांनी पान धरले आणि ओढले. मग दुसरे. बायका हसायच्या थांबल्या. बायाक्का थांबली नाही. शेजारी सुताची कांजी गरम होती. पाने तिच्यात पडली, कोळसा विरघळला आणि कांजी काळी झाली.

"तूबी हसतीस व्हय माज्याकडं? तूबी?"

 सत्यवती म्हणाली, "मी हसाय न्हाय काढलं, आत्ती. तू मिरमबाई हुतीस न्हवं, तवाचं काढलंय."

बायाक्काचा हात शेवटच्या पानावर थांबला. तिने कांजीच्या भांड्यात हात घातला. बोटे भाजली. बाहेर निघाला तो कागदाचा लगदा. तो तिने तळहातावर घेऊन सत्यवतीपुढे धरला.

"मी वाळवून देतो. सत्ये, मी चिकटवतो सगळं. परत काढ गं, मी न्हाय हात लावणार."

"नगं," सत्यवती म्हणाली. "माजा हात चांगला न्हाय."

ती तिची कोळशाची पुडी घेऊन उठली आणि चुलीत टाकून आली. मग आईशेजारी बसून कांड्या भरू लागली. त्या दिवसानंतर तिने रेघ ओढली नाही. बायाक्काने पाटी आणली, रंगीत खडू आणले. सत्यवती आत्तीला जेवायला वाढते, पाणी देते, विचारले तर उत्तर देते. पाटी कोरीच आहे.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा, असे मी सांगणार नाही. माझ्यात आता जपण्यासारखे फारसे उरलेले नाही. एवढेच सांगते. कधी कोणी आपली वही उघडून तुमच्या मांडीवर ठेवील. त्यात तुमचा चेहरा असेल, आणि कदाचित तो तुम्हांला सोसणार नाही. नसेल सोसत, तर मान फिरवा, उठून जा, हवे तर शिव्या द्या. पण हात पानापासून लांब ठेवा. कागद पुन्हा मिळतो. सत्यवती बारा वर्षांची आहे आणि कांड्या फार छान भरते.