राहिलेली पहिली बैठक

मी तासगावच्या आबा बनसोड्यांची फियाट बोलतेय. रंग माझा साईचा होता, आता त्याला काय म्हणायचं ते बघणाऱ्यानं ठरवावं. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच आहे, डाव्या दाराची काच अर्ध्यात अडकते आणि थंडीत चालू व्हायला मी जरा मनधरणी करून घेते. पण माझं स्वतःचं सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते आबांचं, आणि आमच्या दारात चहा होईपर्यंतही न थांबलेल्या एका गाडीचं.

माझे पहिले धनी सांगलीतले एक डॉक्टर. त्यांच्याकडे माझी उमेदीची वर्षं गेली. रोग्यांच्या घरी जायचं, दारात उभं राहायचं, आतून येणारं रडणं-हसणं ऐकायचं. पुढे डॉक्टर थकले, घरोघर जाणं त्यांनी सोडलं आणि मी आबांकडे आले.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. लडाखच्या बर्फात त्यांनी लॉऱ्या चालवल्या. पेन्शनीत आल्यावर द्राक्षांच्या व्यापाऱ्याचा ट्रक चालवला. हाताखालून गाड्या गेल्या त्यांना गणती नाही, पण स्वतःची एकही नव्हती. मला घेऊन ते बौद्धवस्तीत शिरले, तेव्हा वस्तीतली पहिली चारचाकी मीच. त्यांची बायको बाळाबाई दारात उभी होती. तिनं पदरानं माझी काच पुसली आणि विचारलं, "कुणाची आणलीसा?"

"आपली हाय," आबा म्हणाले.

तिला पटलं नाही. तिनं पुन्हा तेच विचारलं. आबांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ती मागच्या सीटवर जाऊन बसली. ज्या गल्लीतून आबांच्या वडिलांना एके काळी पायताण हातात घेऊन जावं लागायचं, त्या गल्लीतून आबांनी मला पहिल्या गिअरमध्ये सावकाश नेलं. हॉर्न मात्र वाजवला नाही. 'कशाला वाजवायचा, बघायचं ते बघत्यातच,' असं काहीसं पुटपुटले.

एस.टी. स्टँडच्या मागे लालासाहेबांचं गॅरेज आहे. लालासाहेब आबांबरोबरच फौजेत होते. दर रविवारी तिथं गाडीवेड्यांचा अड्डा जमायचा. लालासाहेबांची जीप, हरिबांची अँबॅसिडर आणि मी, अशा आम्ही तिघी ओळीनं उभ्या असायचो आणि बाकड्यावर बसून ही माणसं आमची उणीदुणी काढायची.

"अँबॅसिडर म्हंजी म्हस बघा," आबा म्हणायचे. "बसली की उठवायची पंचाईत."

"पर दूध देती की," हरिबा म्हणायचे. "सगळं घर बसतंय माझ्या गाडीत. तुमच्या फियाटीत चौथा माणूस श्वास धरून बसतोय."

नव्वद साल उलटलं आणि तासगावच्या रस्त्यावर मारुत्या दिसायला लागल्या. बेदाण्याचा पैसा खेळत होता. डॉक्टर, वकील, बागायतदार, जो तो पांढरी नाहीतर लाल मारुती आणायचा. घेण्याआधी आबांना विचारायला यायचा, कारण आबांच्या मताला किंमत होती. आबांचं मत ठरलेलं. "पत्रा बघा आधी. अंगठा दाबला तर खड्डा पडतोय. काड्यापेटी हाय ती, गाडी न्हवं. गाडी कशी पाहिजे? दार लावलं तर आवाज आला पाहिजे." आणि माझं दार उघडून धाडकन लावून दाखवायचे. मंडळी हसायची. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटायचं. अंगावर एक ओरखडा वाढला तरी चालेल, पण आबांनी दार आणखी एकदा आपटून दाखवावं असं वाटायचं.

आबांना एकच मुलगा, राजरत्न. साताऱ्याला पाटबंधारे खात्यात नोकरीला. बोलायला बापासारखा नाही, मोजकं बोलायचा. गाडी चालवायला शिकला तो माझ्यावरच. सुट्टीला आला की सगळं बघायचा. आबांचा डावा गुडघा सुजलाय. माझा क्लच दाबताना ते ओठ चावतात. संध्याकाळी समोरच्या गाडीचा दिवा पडला की डोळे बारीक करतात. त्यानं एकदा विचारलं, "आबा, आता हलकी एखादी गाडी बघूया का?"

"हलकी कशाला? मी काय पोरगं हाय व्हय?" आबा म्हणाले आणि विषय तिथंच संपला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीतला तो रविवार. अड्डा रंगात आला होता. हरिबा मुद्दामच मारुतीची बाजू घेऊन आबांना डिवचत होते. आबाही तापले होते. तेवढ्यात गॅरेजच्या तोंडाशी एक पांढरी शुभ्र मारुती येऊन थांबली. हार घातलेली. आतून राजरत्न उतरला. मागे त्याची बायको आम्रपाली बसली होती, ती उतरून आबांच्या पाया पडली. डावीकडची पुढची सीट रिकामी होती.

"आबा, घरी गेलो होतो. आई म्हणाली तुम्ही इथं आहात," राजरत्न म्हणाला. "गाडी घेतली. कालच ताब्यात मिळाली."

सगळे उठून गाडीभोवती जमले. आबा बाकड्यावरच.

राजरत्ननं डावीकडचं दार उघडून धरलं. "बसा आबा. एक चक्कर मारून येऊ."

हरिबांनी हसत टाळी वाजवली. "आता बसा की गड्या काड्यापेटीत."

त्या हसण्यानंच घात केला. आबा उठले, मारुतीजवळ गेले. मला वाटलं बसतायत. त्यांनी बोटाच्या पेरानं टपावर टकटक वाजवलं आणि चारचौघांकडे बघत म्हणाले, "मी लॉऱ्या चालवलेला मानूस. ह्या काड्यापेटीत बसत न्हाई मी. घरला मुडदा न्यायचा झाला तरी माझ्या फियाटीतनंच न्या."

सगळे हसले. राजरत्नही हसला, पण ते हसू त्याला तोंडावर फार वेळ ठेवता आलं नाही. त्यानं दार लावलं. फार हळू लावलं, आवाजच आला नाही. "बरं आबा. निघतो मग, उद्या ऑफिस आहे," म्हणाला आणि गाडी वळवली.

आम्ही घरी आलो तर बाळाबाईनं गोड शेवया केल्या होत्या. चुलीवर चहाला आधण होतं. पोरगा न जेवताच गेल्याचं तिला कळलं, झालेलंही सगळं कळलं. तिनं आधण उतरवून ठेवलं.

"मी गाडीला नावं ठिवली," आबा म्हणाले. "त्याला काय म्हणालो?"

"आवं, गाडी काय आपली आपण चालत आली न्हवती," बाळाबाई म्हणाली. "पोरानं आणली हुती. नावं कुणाला ठिवली मग?"

त्यानंतर राजरत्न यायचा, पण एस.टी.नं. आईला भेटायचा, आबांची औषधं आणायचा, मला धुवायचासुद्धा. गाडीचं नाव काढायचा नाही. आबाही विचारायचे नाहीत. विचारावं म्हणून तोंड उघडायचे आणि माझ्या टायरच्या हवेबद्दलच काहीतरी बोलायचे. बापाचा मान आणि लेकाचा अबोला, दोन्ही माझ्याच चार चाकांभोवती घुटमळत राहिले. असं वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं.

अड्ड्यावर आबांचं मन लागेना. मारुतीवरून बोलणं निघालं की गप्प बसायचे. एके दिवशी एका व्यापाऱ्याची मारुती गॅरेजात कामाला आली होती. दुपारची वेळ, आसपास कुणी नव्हतं. आबा इकडंतिकडं बघून हळूच तिच्यात जाऊन बसले. क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. लालासाहेब आतून बघत होते.

"कसं वाटलं रं?" त्यांनी विचारलं.

आबा दचकले. मग खाली बघत म्हणाले, "लोण्यावानी हाय क्लच. गुडघ्याला कळतसुदिक न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "पोरानं माझा गुडघा बघून घेतली असंल का रं ही?"

लालासाहेबांनी हात पुसले. "हे तू मला इचारू नगंस. सातारला जा."

त्याच आठवड्यात आम्ही निघालो. डिकीत बेदाण्याची पिशवी, पुढे आबा, शेजारी बाळाबाई. डिसेंबरचे दिवस, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. आबांना लांबचं नीट दिसत नव्हतं, म्हणून बाळाबाई सांगत होती, "ट्रॅक्टर हाय बगा. डाव्या अंगाला म्हसरं." कऱ्हाड मागे पडल्यावर आबा मोकळे झाले. "मी काय म्हणणार हाय ठावं हाय का तुला?" त्यांनी विचारलं. "म्हणंन, राजा, बसायला आलोय. वाट्टंल तिकडं फिरव."

"तेवढंच म्हणा," बाळाबाई म्हणाली. "पत्र्याचं काय बोलू नगा."

साताऱ्यात राजरत्नच्या घरासमोर मी थांबले. अंगणात तुळस होती, कपडे वाळत होते, सायकल होती. मारुती नव्हती. राजरत्न बाहेर आला, चकित झाला, त्यानं आईचा हात धरून तिला उतरवलं.

"गाडी कुठं हाय तुजी?" आबांनी उतरायच्या आधीच विचारलं.

"विकली आबा. दिवाळीनंतर."

आबांचा हात माझ्या स्टेअरिंगवर तसाच राहिला. "का?"

"मला काय करायची? ऑफिस इथं पलीकडं आहे." राजरत्न शांतपणे बोलत होता. रागाचा मागमूस नव्हता, तेच जास्त लागत होतं. "ती मी तुमच्यासाठी घेतली होती. तासगावलाच ठेवणार होतो. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. ही फियाटसुद्धा आधी डॉक्टरांची. म्हटलं, एक गाडी अशी असावी की जी तुमच्याआधी कुणाची नसेल. डावीकडच्या पुढच्या सीटचं प्लास्टिक मी काढलंच नव्हतं, तिथं पहिल्यांदा तुम्हीच बसायचं म्हणून. आम्रपालीलाही मागंच बसवायचो."

आम्रपाली पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली.

आबांनी विचारलं, "कुणाला दिलीस?"

"पाचगणीच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याला."

"चल, बघून येऊ. नुसतं बसतो आन उतरतो."

आबांनी माझी किल्ली लेकाच्या हातात दिली. ते शेजारी बसले, बाळाबाई सुनेजवळ थांबली. कित्येक वर्षांनी राजरत्न मला चालवत होता. वाई ओलांडली आणि पसरणीचा घाट लागला. मी जीव लावून चढत होते. मला कळत होतं की आज थांबायचं नाही. पण माझं वय झालेलं. अर्ध्या घाटात रेडिएटर उकळलं, बॉनेटमधून वाफ निघाली. राजरत्ननं मला कडेला घेतलं, बॉनेट उघडलं आणि इंजिन निवायची वाट बघत आम्ही उभे राहिलो.

आणि वरच्या वळणावरून ती आली. तशीच पांढरी. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, मागे टोपल्या. राजरत्ननं नंबर ओळखला. "आबा, तीच ती," म्हणाला आणि त्याचा हात आपोआप वर गेला. पण ती उतारावर होती, वेगात होती. बघता बघता खालच्या वळणाआड गेली. माझं तोंड उघडं, पोटात आग. मला तिच्यामागे धावता आलं नाही.

"संध्याकाळी परत येईल ती," राजरत्न म्हणाला. "वर जाऊन थांबू आपण."

आबा वळणाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांना ती पांढऱ्या ठिपक्याहून जास्त दिसली नसणार.

"नगं," ते म्हणाले. "आता ती दुसऱ्याची हाय. दुसऱ्याच्या गाडीत लय बसलो मी. तू आणलीस तवाच बसायचं हुतं."

 राजरत्ननं आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यात पाणी भरायला वळला.

आता अठ्ठ्याण्णव साल चाललंय. मिरजेला आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण गाडी चालवणं सुटलं ते सुटलंच. मी घराशेजारी उभी आहे. दोन टायर बसलेत. बाळाबाई माझ्या बॉनेटवर मिरच्या वाळत घालते. राजरत्न एस.टी.नं येतो, बापलेक माझ्या सावलीत बसून बोलतात. बोलतात हे चांगलंच आहे. पण त्यानं परत गाडी घेतली नाही, आणि घे म्हणायची आबांची छाती होत नाही.

मागच्या महिन्यात एक तरुण बागायतदार आला. आबांना विचारत होता, "आबा, मारुती कशी वो? घेऊ का?"

"चांगली गाडी हाय," आबा म्हणाले.

"तुमी बसलाय व्हय तिच्यात?"

आबा उठून घरात गेले.

तुम्हा गाडीवेड्या लोकांना माझं एवढंच मागणं आहे. जुनी चांगली की नवी, यावर खुशाल भांडा. आम्हाला म्हैस म्हणा, काड्यापेटी म्हणा, आमच्या पत्र्याला लागत नाही. पण आपलं माणूस दार उघडून उभं असेल, तर आधी आत बसा. मत नंतर सांगता येतं.