नाव रिकामं नसेल तर

२००३च्या सिंहस्थात एका सेवा मंडळाने हरवलेल्या माणसांची वेबसाइट काढली आणि ते काम गोरक्षच्या गळ्यात पडलं. गोरक्ष निफाडचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. तंबूतंबूंतले स्वयंसेवक नोंदी टाकणार, त्या पानावर दिसणार, असा सगळा बेत. पण चाचणीच्या वेळी मंडळाच्या अध्यक्षांनी नाक मुरडलं. अर्धवट नोंदींच्या रिकाम्या जागा त्यांच्या डोळ्यांत खुपत होत्या.

"एवढंच ना?" म्हणत गोरक्षने पानाच्या कोडमधल्या एका टॅगमध्ये डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस टाकून एक छोटीशी अट लिहिली: नाव रिकामं नसेल तरच ओळ दाखव. कोणाला दाखवायचं आणि कोणाला नाही, हे आता पानच ठरवणार होतं. अध्यक्ष खूश झाले. गोरक्षनेही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पर्वणीच्या दुसऱ्या दिवशी विंचूरच्या कांदा मार्केटातला यादव मापाडी पंचवटीतल्या मंडपात आला. रामकुंडावरच्या रेटारेटीत त्याच्या आईचा, कुसाबाईचा, हात सुटला होता. म्हातारीला वर्षभर विसरायला होत होतं.

"भाऊ, माझी आई हाय का बघा ना त्यात."

गोरक्षने पान वरखाली केलं. कुसाबाई नव्हती.

"काका, आमच्या सगळ्या तंबूंतली माणसं यात आहेत. यात नाही म्हणजे आमच्याकडे नाही. त्र्यंबकला बघा, स्टेशनवर बघा."

यादव रोज संध्याकाळी यायचा आणि तेच ऐकून जायचा. गोरक्षला त्याची फार दया यायची. ती अट मात्र त्याला एकदाही आठवली नाही.

मग मंडळाच्याच तपोवनातल्या तंबूवरून निरोप आला. नाव सांगता न येणारी एक आजी तापाने दवाखान्यात वारली होती. यादवने जाऊन ओळखलं. आईच होती.

गोरक्षने मूळ नोंदी उघडल्या. तिची नोंद ती हरवली त्याच दिवशीची होती. नावाची जागा रिकामी. वय सत्तरच्या आसपास, हिरवं लुगडं. शेरा: सारखी यादव, यादव म्हणते.

सगळं उरकून यादव मंडपात आला, तेव्हा गोरक्षने सांगून टाकलं. "त्या इथेच होत्या, काका. नाव नसलं तर ओळ दाखवू नको, असं मीच लिहिलं होतं."

यादव ओरडला नाही. ओरडला असता तर गोरक्षला सोसलं असतं.

"तिला सोताचं नाव येत नव्हतं," तो म्हणाला. "माझं येत व्हतं." मग खुर्ची ओढून बसला. "आता घाला तिचं नाव."

गोरक्षने रिकाम्या जागेत कुसाबाई असं टाइप केलं आणि पान पुन्हा उघडलं. ओळ लगेच दिसली. यादव बोट ठेवून ती मोठ्याने वाचू लागला. नाव वाचलं, वय वाचलं, लुगडं वाचलं. शेऱ्यापाशी त्याला पुढे वाचवेना.