परक्या टोपीतली आई

मंगळवारी हॉलंडमधल्या खूस गावच्या बाजारात लोणी विकून झालं, तसा याकोमिनानं धाकट्या भावाचा दंड धरला नि त्याला चित्रांच्या दुकानाकडं ओढलंच. मारिनस म्हणजे चाळिशीचा गडी, चर्चच्या पंचांतला एक, पण हट्ट मात्र शेंबड्या पोराचा.

"ताई, सोड! त्या चित्राचं नाव काढायचं नाही, असं बाबा मरेपर्यंत सांगत होते."

"म्हणून मीही इतकी वर्षं गप्प बसले. आता ते चित्र विकलं गेलंय, उद्या बोटीनं अमेरिकेला चाललंय. आईचा साधा फोटोसुद्धा नाही आपल्याकडं. तुझ्या बाळंतपणात ती गेली, तू तिचं तोंडही पाहिलं नाहीस. आज नाही तर कधीच नाही. चल मुकाट्यानं!"

घडलं होतं ते एवढंच. ॲमस्टरडॅमचा एक चित्रकार त्यांच्या स्वयंपाकघरात आला नि बटाटे सोलणाऱ्या नेलीचं, म्हणजे यांच्या आईचं, चित्र काढायला बसला. पण तिची प्रॉटेस्टंट बायकांची गोल टोपी काही त्याला रुचेना. शेजारच्या कॅथलिक दीनाची चौकोनी टोपी हवी. म्हणे, कडांवर उजेड छान पडतो! शहरातल्या माणसाला काय कळतंय? इथं टोपीवरून बाईचं चर्च ओळखतात. नेली मुलखाची हौशी. तिनं हसत हसत दीनाची टोपी घातली, नि गावानं बाबांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

दुकानात चित्र भिंतीवरच होतं. याकोमिनाला एकदम गलबलून आलं. तीच निळ्या फरश्यांची चूल, टेबलावर टवका उडालेलं तेच पातेलं, नि जमिनीवरची सालं वेचणारी ती स्वतः, सहा वर्षांची. आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं. किती सुखाचे दिवस होते ते, नि किती थोडे!

मारिनस डोळे बारीक करून बघत राहिला. "टोपी खरंच कॅथलिक आहे की."

"टोपीच्या खाली बघ ना, मेल्या! नाक कुणाचंय ते?"

त्याचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडं गेला. मग तो रुसल्यासारखा म्हणाला, "तू आहेस, आई आहे. तुमचं दोघींचं झकास चाललंय. यात माझं काय काम?"

"अरे वेड्या," याकोमिनानं चित्राकडं बोट केलं, "एप्रनची गाठ बघ किती वर बांधलीय तिनं. सातवा लागला होता तिला. तूही आहेस की तिथं."

मारिनस पुढं सरकला. दुकानदार मागून "हात लावू नका हो!" म्हणत होता, ते त्याला ऐकूच गेलं नाही.

"आई," तो म्हणाला. ही हाक त्यानं जन्मात पहिल्यांदाच मारली होती.