सुपारीएवढा आवाज

भोपळ्याला छर्रा लागला तरी तो ओरडत नाही.

गळ्यातली चांदीची डबी डाव्या बगलेकडे सरकवता येते.

राणीसावरगावात एका बाईला भर उन्हाळ्यात, चालता चालता, डोक्यावरून अंघोळ झाली.

पाटलाकडे भांडण नेलं की दोन्ही बाजूंना एकेक कोंबडी द्यावी लागते.

हैदराबादेतला एक दुकानदार गिऱ्हाइकाचा खांदा वितीनं मोजतो.

*

तो खांदा गुरुपादचा. राणीसावरगावात त्याचं भुसाराचं दुकान. वय चाळिशीचं, जात लिंगायत, घराणं मुंग्यांना साखर घालणारं. अशा माणसाला बंदूक कशाला हवी, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. मालाच्या कामाला हैदराबादेला गेला असता एका बागेत कुणाला तरी हवेच्या बंदुकीनं फळीवर नेम मारताना पाहिलं आणि ते मनात रुतून बसलं, एवढंच. जन्मभर तराजूच्या काट्याकडे बघणाऱ्याला वाटलं, एकदा दूरचं काही डोळ्यानं गाठावं.

लाज तिथूनच सुरू झाली. बंदुकांच्या दुकानात त्यानं ती भाच्यासाठी मागितली. त्याला भाचा नव्हता.

पहिली बंदूक दुकानाच्या मागच्या अंगणात उडवली तर छपरावरची कबुतरं उठली. नको म्हणाला. गावाकडे घराशेजारी म्हातारी आत्या, सकाळी तिची लिंगपूजा चाललेली असणार. दुसरीचा आवाज बरा, पण खांद्याला टेकवायचा दस्ता लांब. मान ताणावी लागे आणि दस्ता छातीवरच्या लिंगाच्या डबीवर आदळे. तिसरी आखूड, हलकी, दस्त्याला चामडं. मधोमध मोडून छर्रा भरायचा. आवाज म्हणजे दाढेखाली सुपारी फुटावी एवढा.

“डिब्बी जरा बाजू सरकाव सेठ,” दुकानदार म्हणाला. “अब देखो, कंधा कैसा बैठता.”

डबी सरकली. खांदा बसला. परवाना लागत नाही, असंही दुकानदारानं सांगितलं.

*

परसातल्या एका भिंतीला फळी ठोकली, तिच्यावर कोळशाचं वर्तुळ. कधी भोपळा टांगायचा. बायको उमादेवी एकदाच बोलली होती, की जीव असलेल्या कशावर ती नळी धरली तर चूल पेटणार नाही. त्यानं कधी चिमणीवरही धरली नाही. महिनाभर कुणाला पत्ता नव्हता.

मग वैशाखातल्या एका सकाळी छर्रा फळीला लागलाच नाही. भिंतीपलीकडे आडाची वाट. तिकडून पाणी घेऊन येणाऱ्या तानुबाईचा आवाज आला, “अगं माय!”, आणि पाण्याचा भडभडाट.

गुरुपाद पऱ्हाट्यांच्या गंजीआड खाली बसला. डोकं वर काढून, बाई जिवंत आहे का, एवढंसुद्धा बघितलं नाही. ती कुंभाराच्या नावानं बोटं मोडायला लागली तेव्हा कळलं, जिवंत आहे. छर्रा घागरीत गेला होता. चार बोटं खाली कपाळ होतं.

*

तानुबाई गळकी घागर घेऊन आश्रुबा कुंभाराच्या दारात तीन दिवस भांडली. आश्रुबा म्हणे, माझा माल असा भसकन जात नाही. शेवटी दोघं निवाड्याला आले ते गुरुपादच्याच ओट्यावर. का, तर त्याच्या तराजूला गाव मानायचं. आणि तिथं कोंबडी लागत नव्हती.

पाचपन्नास माणसं जमली. आश्रुबानं घागर उचलून हलवली. आत काही तरी खुळखुळलं.

आश्रुबानं आत हात घालून ते बोटांत धरलं, बघितलं, आणि मग गुरुपादकडे बघितलं. आश्रुबाचं घर गुरुपादच्या परसामागंच होतं. सुपारी फुटल्याचा आवाज त्यानं महिनाभर ऐकला असणार.

गुरुपादचा हात नकळत छातीवरच्या डबीवर गेला. लोकांना वाटलं, लिंगावर हात ठेवून न्याय देतोय. दोघातिघांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

“काय हाय आत?” तानुबाईनं विचारलं.

“खडा हाय,” आश्रुबा म्हणाला आणि मूठ मिटली. “मातीत ऱ्हायला व्हता. आमचीच चूक.”

“तीन दिस तोंड वर करून बोलायलास की! आता निघाला का न्हाई खडा? का गाडगं माझ्याच डोक्यानं फोडलं?”

माणसं हसली. आश्रुबाही त्यांच्यात थोडा हसला.

गुरुपादला बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ते खोटं. जीभ चांगली चालली. तो म्हणाला, “दुसरी दे तिला.”

*

दोन दिवसांनी तो कुंभारवाड्यात गेला. आश्रुबा चाकावर होता. त्यानं चाक थांबवलं नाही.

“आश्रुबा, त्या दिवशी...”

“मालक, तुमी फळी दुसऱ्या भिंतीला ठोका. तिकडून बायामाणसं येतेत.”

“पण तू खडा कशाला म्हणालास?”

“मग काय म्हणायचं व्हतं?” आश्रुबानं ओल्या मातीवरून हात फिरवला. “तुमच्या काट्यावर सारं गाव माल घालतंय. मी घालतोय. तुमीच खोटे म्हणल्यावर आमी जायचं कुठं, गंगाखेडच्या बाजाराला?” मग चाकावरून नजर न काढता, “तुमी सांगाल वाटलं मला. मी वाट बघितली व्हती.”

गुरुपाद पाच घागरी घेऊन घरी आला. उमादेवीनं त्या ओळीनं पालथ्या ठेवल्या आणि त्यातल्या एकीतही पाणी भरलं नाही.

फळी दुसऱ्या भिंतीला गेली. आठ दिवस बंदूक गोणपाटात होती. नवव्या दिवशी त्यानं ती काढली, छर्रा वर्तुळाच्या बरोब्बर मधे बसला, आणि त्याला आनंद झाला. त्या आनंदाबद्दल त्याला स्वतःला कधी क्षमा करता आली नाही.

*

पुढं आश्रुबाचं नाव खड्याचा कुंभार पडलं. बाजारात बाया त्याचं मडकं उचलून कानाशी हलवत, हसत, आणि बाहेरगावच्या कुंभाराकडे जात. गुरुपादनं पाच घागरी घेतल्याचं मात्र गावभर झालं. तानुबाईच दुकानात येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, “बुडत्या कुंभाराला हात दिला. लय मोठं मन मालकाचं.”

गुरुपादनं तोंड उघडलं. “तानुबाई, ती घागर...”

“बोला की.”

मागं ज्वारीचं पोतं घेऊन माणूस उभा होता. गुरुपादनं त्याला पोतं पुढं आण म्हटलं, आणि डोळा काट्याला लावला.

त्या साली आश्रुबाच्या मडकी भाजायच्या आव्यातून एकही घागर तडकलेली निघाली नव्हती.