गुलमोहराची शेवटची बी

गुलमोहर काय, गल्लोगल्ली असतात. पण सासूबाईंच्या दारचा सासऱ्यांनी लावलेला, आणि सासरे आता नव्हते. रस्ता रुंद करताना तो तोडला गेला. मागे राहिली एक हातभर लांब, लाकडासारखी टणक शेंग. ती फोडली, तर किडक्या बियांतून दोनच धड निघाल्या. सासूबाईंनी त्या पेरल्या, तान्ह्या बाळासारख्या जपल्या. महिने गेले. उकरून पाहिलं, तर बिया जशाच्या तशा, उलट जास्तच चकचकीत.

"जावईबापू, जगाची कुलपं उघडता, एवढी उघडा," त्या म्हणाल्या.

जावई किल्ल्या बनवणारा. बंद वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. दुकानात त्याने बी भिंगाखाली धरली. कवच इतकं गुळगुळीत, की पाणी आत शिरणार कुठून? थोडं घासायलाच हवं. कुठे, हा प्रश्नच त्याला पडला नाही. बी शेंगेला चिकटलेली असते, त्या टोकाला बारीक ठिपका होता. किल्लीवाल्याला भोकासारखं काही दिसलं की झालं! त्याने कानस नेमकी तिथेच चालवली.

पाण्यात ठेवल्यावर बी टम्म फुगली. पठ्ठ्याने ती घरभर मिरवली. आठवड्यात ती कुजली.

सासूबाईंनी बोलणंच टाकलं. स्वारीचं तोंड एवढंसं झालं, पण जित्याची खोड! त्याने कुजकी बी चिरली. आत दोन जाड दळं, आणि ठिपक्याच्या टोकाशी इवलंसं मूळ. त्याचं टोक कानशीने कधीच खाल्लं होतं. त्याला फार वाईट वाटलं. आणि लगेच मनात आलं, मागच्या बाजूने घासलं असतं तर?

चिरलेली बी घेऊन तो सासूबाईंकडे गेला. "आई, चूक माझीच. मूळ इथे असतं. दुसरी उलट्या बाजूने घासायला हवी."

"आणि तीही गेली तर?"

"जाऊ शकते."

त्यांनी डब्यातली दुसरी बी काढून मुठीत घट्ट धरली.

"डब्यात ठेवून काय, माझ्याबरोबर म्हातारी होईल. घासा. पण माझ्यासमोर."

आतला फिका थर दिसताच तो थांबला. या वेळी बी फुगली आणि कोंबही आला. मग पिसासारखं पहिलं पान उलगडलं. त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "धावत या! मिटलं हो, गेलं!"

तो धापा टाकत पोचला. बारीक पानं जोडीजोडीने मिटलेली होती, पण देठ ताठ होता. त्याने कुंडी न्याहाळली, माती चाचपली. मग काय वाटलं कोण जाणे, खिडकीतून कोपऱ्यावरच्या भल्यामोठ्या गुलमोहराकडे पाहिलं. त्याचीही पानं मिटलेली!

"आई, काही झालेलं नाही!" तो आनंदाने ओरडला. "झोपलंय ते! सकाळी उघडेल!"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जन्मभर दारच्या गुलमोहराच्या सावलीत बसून हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"मग ओरडता काय असे," त्या कुजबुजल्या. "झोपू द्या त्याला."