तिच्या बाजूचं दार

"फक्त माझ्या बाजूचं दार बघायचं. तिच्या बाजूला हात लावायचा नाही," फिटरने तिसऱ्यांदा बजावलं.

"मग गाडी घेऊन जा." डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणा पडलेला इलेक्ट्रिशियन आतूनच खेकसला. "चारही लॉक एका लाइनवर आहेत. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन तोंड अर्धंच उघडतो म्हणता का?"

सगळी गल्ली या इलेक्ट्रिशियनला 'करंट' म्हणायची. कारण त्याच्याशी बोलायला गेलं की झटका बसायचा. फिटरही त्याच माळेचा मणी. पंपाच्या कारखान्यात अख्खी नोकरी काढलेली, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र आपल्यालाच कळतं अशी त्याची खात्री होती. असे दोघे एका जुन्या गाडीभोवती जमल्यावर दुसरं काय होणार?

फिटरची बायको पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. इस्पितळाच्या कापड विभागात ती शिवणकाम करायची. फाटक्या चादरी, उसवलेले कोट, उशांचे अभ्रे. आज तिने मुद्दाम रजा घेतली होती. गाडी दुरुस्त झालेली आपल्या डोळ्यांनी पाहायची, त्याच्या तोंडून ऐकायची नाही, असं तिने ठरवलंच होतं.

गेल्या आठवड्यात ती या गाडीत कोंडली गेली होती. फिटर किल्ली घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि चारही लॉक आपोआप खाली पडली. तिच्या बाजूचं आतलं हँडल तर जुनंच मोडकं. म्हणून ती सरकून त्याच्या सीटवर गेली, तिथली लॉकची खुंटी वर ओढली, तर ती खट्कन परत खाली. पुन्हा ओढली, पुन्हा खाली. किल्लीशिवाय काचाही उतरेनात. वर ऊन रणरणत होतं. बाहेर माणसं जमली, काचेवर टकटक करू लागली, कुणी हातवारे करून तिला लॉक कसं उघडायचं ते शिकवू लागला. फिटर निवांत परत आला, त्याने दार उघडलं आणि घामाने निथळणाऱ्या बायकोला म्हणाला, "एवढं घाबरायला काय झालं? मी येणारच होतो ना."

त्या वाक्याने तिचं डोकं जे फिरलं, ते फिरलंच. त्या दिवसापासून ती गाडीत बसली नाही. बसने कामाला जाऊ लागली. मग शेजारीपाजारी विचारायला लागले, आणि लोकांनी विचारणं फिटरला बायकोच्या कोंडून पडण्यापेक्षा जास्त झोंबलं. म्हणून आज गाडी इथे आली होती.

करंट बाहेर आला. फिटरच्या दारापाशी गेला, दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी त्याने बोटाने मागे सारली. आतून निघालेल्या तारांपैकी एक वरून धडधाकट दिसत होती, पण वाकवली की मधेच लिबलिबीत लागत होती. त्याने ती हलवली. चारही दारांच्या खुंट्या खटाखट वरखाली नाचल्या.

"हे बघा तुमचं भूत. दार उघडून-मिटून तार आतल्या आत तुटलीय. टेकली की लॉक, सुटली की अनलॉक."

"सापडलं ना?" फिटरचा चेहरा एकदम सैल पडला. "मग जोडा आणि मिटवा. तिकडे बघायची गरजच नाही."

एरवी तिच्या लक्षातही आलं नसतं. पण कारखान्यातून आणलेला साधा नळ घरी बसवल्यावर तासभर उघडझाप करून पाहणारा हा माणूस, आज इतक्या घाईने मिटवा म्हणतो? ती उठली.

"आता माझं दार बघा," ती करंटला म्हणाली.

"अगं, हँडल मोडलंय ते! पार्ट मिळत नाही. किती वेळा सांगायचं?"

"त्यांना बघू तर द्या."

"मी काय झक मारत होतो इतकी वर्षं?"

करंट तिच्या दाराकडे वळला. दोन भांडणाऱ्यांपैकी एक आधीच डोक्यात गेलेला असला, की निवाडा सोपा असतो. त्याने तिच्या बाजूचे स्क्रू काढले आणि दाराचं पॅड ओढून बाजूला केलं.

या दाराने तिला मोठा मान मिळवून दिला होता. गाडी कुठेही थांबली की फिटर उतरायचा, पुढून वळसा घालून यायचा आणि तिचं दार उघडून उभा राहायचा. लग्नात, इस्पितळात, बहिणीच्या दारात. खालच्या मजल्यावरच्या काकू तर दर वेळी म्हणायच्या, "नशीब काढलंस हो. आमचे हे मागे वळूनसुद्धा बघत नाहीत, बायको उतरली की गाडीतच राहिली!" खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटायचं. घरी तो चार-चार दिवस धड बोलत नसे, पण दार उघडायला चुकत नसे. त्या एका गोष्टीवर तिने बाकीचं पुष्कळ पोटात घातलं होतं.

"हँडल ठणठणीत आहे," करंट म्हणाला. "हँडलला लॉकशी जोडणारा रॉड सोडवून ठेवलाय. क्लिप काढून घेतलीय. आणि रॉड आत खडखडू नये म्हणून बांधलाय पण. बाकी काम झकास केलंय ज्याने कुणी केलंय त्याने."

ती वाकली. रॉड दाराच्या पत्र्याला बारीक तारेने बांधलेला होता. पिळे अगदी शेजारी शेजारी, एकसारखे, आणि उरलेलं टोक कुणाला टोचू नये म्हणून आत दुमडलेलं.

कापड विभागात चादर हातात घेतली की शेवटच्या गाठीवरून ती सांगायची, ही कुणी शिवली. इथे तर तिला सांगण्याचीही गरज नव्हती. घरातल्या बादलीच्या कडीला हाच पिळा होता. पडद्याच्या गजाला हाच. त्याच्या चष्म्याच्या काडीला हाच. रोज ती या पिळ्यांना हात लावत होती.

लग्नानंतरच्या काही वर्षांत एकदा गाडीत कडाक्याचं भांडण झालं होतं. सिग्नलला गाडी थांबली, तशी ती दार उघडून उतरली आणि चालत बहिणीकडे गेली. चार दिवसांनी परतली. फिटर पुढे हसत हसत लोकांना सांगायचा, "आमच्या राणीसरकार भर रस्त्यात उतरून गेल्या!" त्याच महिन्यात हँडल मोडलं होतं.

"हे तुम्ही बांधलंत," ती म्हणाली.

"चालत्या गाडीतून उतरली होतीस. चाकाखाली गेली असतीस म्हणजे?"

"गाडी थांबली होती. लाल दिवा होता."

"तेच ते."

"तेच ते नाही."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

"मग सांगितलं का नाहीत?"

फिटर उलटला. "आणि इतकी वर्षं उठून येऊन दार उघडलं, ते नाही दिसत तुला? पावसात भिजत उघडलं! कुठला नवरा करतो? जा, विचार सगळ्यांना!"

तो मनापासून दुखावला होता. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. वाटलं, समोरचा स्क्रूड्रायव्हर उचलून काच फोडावी. ती तशीच उभी राहिली. फक्त पर्सचा बंद तिने मनगटाला गच्च गुंडाळून घेतला होता.

करंटचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "क्लिप आहे माझ्याकडे. बसवू?"

"नको," फिटर म्हणाला.

"बसवा," ती म्हणाली.

"गाडी माझी आहे!"

"त्या दारातून उतरते कोण?"

करंटने डबा उघडला, शर्टाच्या बटणाएवढी प्लास्टिकची क्लिप काढली, पक्कडीने तार तोडली आणि रॉड हँडलला अडकवला. चट् असा आवाज झाला. संपलं काम.

"हाच का तो न मिळणारा पार्ट?" तिने विचारलं. खाली पडलेली तार फिटरने सवयीने उचलली, सरळ केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. तार तो कधी टाकून देत नसे.

घरी जाताना सिग्नलला लाल दिवा लागला. फिटरने तिच्या हाताकडे पाहिलं आणि आपल्या बाजूचं लॉक दाबलं. चारही खुंट्या एका आवाजात खाली गेल्या, तुटकी तारही करंटने चोख जोडली होती. तिने आपली खुंटी बोटाने वर ओढली. हँडलवर हात ठेवला. पलीकडच्या रस्त्याला बहिणीचं घर आता नव्हतं, बहीणही राहिली नव्हती. दिवा हिरवा होईपर्यंत ती हात ठेवून बसून राहिली.

घरासमोर काकू नेहमीप्रमाणे पायरीवर बसल्या होत्या. फिटरने त्यांना पाहिलं, उतरला आणि पुढून वळसा घालून आला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू आणून त्याने बाहेरचं हँडल ओढलं. दार उघडलं नाही. त्याने पुन्हा ओढलं.

आत तिने खुंटी खाली दाबून धरली होती. ती समोर बघत होती.

"अगं, उघड ना," तो काचेशी वाकून दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

ती हलली नाही. त्याने हँडल सोडलं, हात खिशात घातला आणि एक पाऊल मागे सरला. तेव्हा तिने खुंटी वर केली, दार उघडलं, उतरली आणि आपल्या हाताने लावून घेतलं.

"का गं, आज काही बिनसलं का?" काकूंनी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "दार दुरुस्त झालं."

आणि जिना चढू लागली.