शालीखालची मेमरी

काळाचौकीच्या आमच्या चाळीच्या हॉलमध्ये त्या रविवारी लॅपटॉपना हार घातले होते. झाकणांवर हळदकुंकू, कळांच्या फटींत अक्षता. मध्ये यंत्रानंद महाराज, कपाळभर गंध लावून.

"स्वस्तातलं यंत्र म्हणजे उपाशी जीव!" ते घोळवून बोलत होते. "कंपनीने ग्राफिक्स मेमरी दिली किती? अर्धा जीबी! आता हा दास ती दोन जीबी करणार. यंत्राची कुंडलिनी जागवणार!"

माझे दीर गुणाजी यांनी त्यांच्या लेकीचा, श्रेयाचा लॅपटॉप पुढे सरकवला. महाराजांनी तो बंद केला, भगव्या शालीखाली घेऊन पुन्हा सुरू केला. शालीआड बोटांची टकटक, बाहेर मंत्र. शाल हटली तर पडद्यावर खरंच दोन जीबी! लोक पायांवर पडले.

श्रेया ॲनिमेशन शिकते. वर्षाचा प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपवर. पण कुंडलिनी जागी झाल्यापासून तो मोठं चित्र उघडलं की अडकायचा. पुढच्या रविवारी गुणाजींनी गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी श्रेयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरगी त्या चार दिवसांत शिवली. शक्ती विटाळली. हिला यंत्रापासून लांब ठेवा."

भरल्या हॉलमध्ये, बापासमोर! कोणी खुदकन हसलंसुद्धा. मला शिसारी आली. जप झाल्याशिवाय मी चहा तोंडाला लावत नाही. जे नाव मी रोज डोळे मिटून घेते, ते पुढे करून हा माणूस पोरीवर चिखल उडवत होता.

घरी आल्यावर गुणाजींनी लॅपटॉप कपाटात टाकून कुलूप लावलं. "वैनी, कोर्स बंद. लोकांत शोभा झाली."

श्रेया स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "काकू, मला वाटतं मला कळलंय तो काय करतो. पण माझं कोण ऐकणार?"

"मी शेजारी बसते," मी म्हटलं. "तू बोल."

त्याच्या पुढच्या रविवारी चाळीतल्या शामरावांच्या नातवाचा लॅपटॉप पुढे आला. मी हात जोडले. "महाराज, शाल घालण्याआधी पोरीला एकदा बघू द्या."

"स्पर्श नको!"

"शामराव, लॅपटॉप तुमचा. तुम्ही सांगा."

शामराव चाचरले, मग म्हणाले, "बघ गो बाय."

श्रेयाने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली. "एकूण मेमरी आठ जीबी. वापरायला साडेसात."

शाल पडली, मंत्र झाले, शाल हटली. ग्राफिक्स मेमरी दोन! जयजयकार झाला. श्रेयाने पुन्हा तीच ओळ काढली.

"वापरायला सहा."

"अरे, मग माझी दीड जीबी गेली खंय?" शामराव ओरडले.

"शक्तीला नैवेद्य लागतो!" महाराज म्हणाले.

"नैवेद्य कसला!" श्रेया पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. "अशा स्वस्त लॅपटॉपमध्ये चित्रांसाठी वेगळी मेमरी नसतेच. मुख्य मेमरीतलाच एक भाग त्यासाठी बाजूला राखतात. जास्त लागली तर काम चालू असताना तात्पुरती घेतात, मग सोडतात. किती राखायची ते लॅपटॉप सुरू होताना एक कळ दाबून बदलता येतं. यांनी राखीव भाग वाढवला, बाकीचा कमी झाला. माझं चित्र त्या बाकीच्यात मावेना, म्हणून अडकत होतं."

काही चेहरे कोरेच. मी म्हटलं, "अहो, आपल्या खोलीत पडदा असतो ना? तो चुलीकडे सरकवला की पलंगाकडची जागा वाढते, पण बाई ओट्याशी अंग चोरून उभी राहते. खोली कुठे वाढली?"

हॉल हसला. श्रेयाने लॅपटॉप पुन्हा सुरू केला, सगळ्यांसमोर, शालीविना, मंत्राविना. एक कळ दाबली, आकडा बदलला. ग्राफिक्स पुन्हा अर्धा, वापरायला पुन्हा साडेसात.

मग ती गुणाजींकडे वळली. "आणि बाबा, आज माझा दुसरा दिवस आहे."

महाराज शालीची घडी घालत दाराकडे सरकले. गुणाजी मान खाली घालून उठले आणि खिशातली कपाटाची किल्ली श्रेयाच्या हातात ठेवली.

माझे सोमवार चालू आहेत, संकष्टी चालू आहे. तुमचेही उपास चालू द्या. पण कोणी चमत्कार शालीखाली करत असेल, तर शाल उचलून बघा. त्याने देव कोपत नाही. आणि देवाच्या नावाने कोणी लेकीबाळींना विटाळ म्हणत असेल, तर तिथे हात जोडून बसू नका, उठून जाब विचारा.